दार लावून

नवरा: हो म्हणून सांगून आलोय मी. उद्या सकाळी जायचं, विषय संपला.

बायको: कुणाला विचारून हो म्हणालास? कापड मी कापते की तू?

नवरा: पगार ऐक आधी. आत्ताच्या जवळजवळ दीडपट! काम तेच, फक्त कारखाना दुसरा.

बायको: आणि देखरेखीला मास्टर दुसरा. तो कसा आहे, विचारलंस? आमच्याकडे काजं करणारी ताई तिथूनच सुटून आलीय. कुणाचं कापड चुकलं, की तो वाया गेलेला तुकडा त्याच माणसाच्या पाठीला टाचून ठेवतो. दिवसभर. जेवायला बसलं तरी काढायचा नाही.

नवरा: मग चुकू नकोस.

बायको: वा! इतकी वर्षं हे कुणी सांगितलंच नव्हतं मला.

नवरा: थट्टा पुरे. या एका खोलीत तिघं कोंबलोय आपण. शेगडी इथे, अंथरूण इथे, पोरीचं दप्तर त्या सिलिंडरला टेकवलेलं. घरमालक आला की सांग त्याला, भाडं नाहीये, पण आमच्या कारखान्यातल्या मॅडम स्वभावानं फार चांगल्या आहेत.

बायको: स्वभावानं ती बाई कडूच आहे. हसताना कुणी पाहिलेलं नाही तिला.

नवरा: मग कशाला गोडवे गातेयस तिचे?

बायको: मखमलीचं काय झालं होतं, विसरलास?

नवरा: झालं, निघाली मखमल पुन्हा!

बायको: निघणारच. मखमलीला लव असते. एकीकडून हात फिरवला की उजळ दिसते, उलटा फिरवला की काळपट. निम्मे थर मी उलटे अंथरले आणि सगळे एकदम कापून मोकळी झाले. शिवल्यावर कळलं. झग्याची एक बाही उजळ, दुसरी काळपट! मालक माझ्या टेबलाशी येऊन ओरडायला लागला, तशा मॅडम मध्ये उभ्या राहिल्या. म्हणाल्या, कापायच्या आधी थर तपासणं माझं काम होतं, मला बोला.

नवरा: आणि त्या उपकारापायी तू जन्मभर तिथेच राबणार.

बायको: उपकार कसला? मालक गेल्यावर मला आतल्या खोलीत नेलं आणि असं झापलं, की विचारू नकोस. पण दार लावून. बाहेर कुणाला पत्ता नाही. आणि दुपारी पुन्हा मखमलच दिली कापायला. एकही थर उलटा गेला नाही माझा.

नवरा: कारणं नकोत मला. उद्या जायचं म्हणजे जायचं.

बायको: बघ, आलं तोंडात.

नवरा: काय आलं?

बायको: हे वाक्य तुझं नाही. तुझ्या गोदामातल्या साहेबाचं आहे. जास्त पगार म्हणून तिकडे गेलास, तेव्हा घरी येऊन त्याची नक्कल करायचास. कमरेवर हात, मान तिरकी, "कारणं नकोत मला!" पोर हसून हसून लोळायची. आता कमरेवर हात नाही, मान तिरकी नाही. नुसतंच म्हणतोस.

नवरा: दिवसभर काय ऐकून घेतो मी, ठाऊक आहे तुला? सगळ्या हमालांसमोर अब्रू काढतो तो माझी! कुणासाठी ऐकतो? तुमच्यासाठीच ना? मेलो का मी त्यानं?

बायको: नाही मेलास. तिथे गिळतोस आणि इथे येऊन ओकतोस. परवा दूध उतू गेलं, तर चाळभर ऐकू जाईल एवढा ओरडलास. आता मीही संध्याकाळी तसलीच होऊन यायची का? मग आपण दोघांनी कुणावर ओरडायचं? त्या कोपऱ्यात बसलीय ती एकटीच उरते.

नवरा: तिला मध्ये आणू नकोस.

बायको: ती मध्येच आहे. खोलीच एक आहे ना! मी नाही जाणार तिथे, ज्याला हो म्हणून आलास, त्याला सांग. आणि माझ्यावर रागवायचंय ना? खुशाल रागव. पण दार लावून. पोरीसमोर नाही.

नवरा: दार? या खुराड्यात कुठलं दार लावू? दुसरी खोली, दुसरी खोली म्हणून मी बोंबलतोय ते कशासाठी मग? बोल ना आता!

(दप्तराची चेन लावल्याचा आवाज.)

मुलगी: बाबा...

नवरा: काय आहे?

मुलगी: मी जिन्यात जाऊन बसते. मग लावा दार.