केर कोण काढतं?

मंडळी, सिडकोतल्या या लहानशा हॉलमध्ये तुम्ही एवढे जण आलात. सुलभाताईंना हे खरं वाटलं नसतं. मला चार माणसांत बोलायची सवय नाही. जमेल तसं बोलतो.

ताईंची पिठाची गिरणी तुम्हाला माहीत आहे. पुढे दळण, मागच्या अंगणात कुत्री. बहुतेक जातिवंत, वयानं मोठी. लोक हौसेनं पिल्लू आणतात आणि पाच-सहा वर्षांनी कंटाळतात. अशा कुत्र्यांना ताई दुसरं घर बघून द्यायच्या. न्यायला आलेल्या प्रत्येकाला त्यांचा एकच प्रश्न असे. तुमच्या घरात केर कोण काढतं?

एकदा विंचूरचे एक बागायतदार आले. म्हणाले, "ताई, बंगला लय मोठा हे."

"असू दे. केर कोण काढतं?"

"घरचीच काढते की."

"मग त्यांना घेऊन या."

वहिनी आल्या. म्हणाल्या, "मला नको. हे मिरवणार अन् केस मी झाडणार." ताईंनी त्यांना चहा पाजला आणि कुत्रं ठेवून घेतलं. त्यांचं म्हणणं एवढंच, की झाडणाऱ्यानं हो म्हटलं तरच कुत्रं त्या घरात टिकतं.

आता माझं सांगतो. आज नाही सांगितलं तर कधीच सांगणार नाही. मी ताईंकडे पहिल्यांदा गेलो तो कुत्रं न्यायला नाही, सोडायला. माझा शेरू, सहा वर्षांचा लॅब्रेडॉर. मुलीला अॅलर्जी आहे, असं मी सांगितलं. ते खोटं होतं.

ताईंनी विचारलं, "घरी केर कोण काढतं?"

"बायको."

"महिनाभर तुम्ही काढून बघा. मग सोडा."

"वेळ नाही हो ताई."

त्या रागावल्या नाहीत. हात पुढे करून त्यांनी पट्टा घेतला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी आलो आणि का कोण जाणे, झाडू हातात घेतला. शेरू गेल्यावरही दोन महिने त्याचे केस निघत होते. पलंगाखालून, सोफ्यामागून. रोज झाडायचो आणि रोज लाज वाटायची. शेवटी त्याला परत आणायला गेलो. तोवर तो पेठच्या एका मास्तरांकडे रमला होता. तिथं गेलो, तर मला बघून त्यानं शेपटी हलवली आणि मास्तरांच्या पायाशी जाऊन बसला. मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं.

तेव्हापासून दर रविवारी मी ताईंची कुत्री धुवायला जायचो. स्वतःसाठी मात्र कधी कुत्रं मागितलं नाही. मागायचं तोंडच नव्हतं. शेवटच्या दिवसांत दवाखान्यात भेटायला गेलो, तेव्हा ताईंनी विचारलं, "हल्ली केर कोण काढतं?" म्हटलं, "मीच." त्या "बरं" म्हणाल्या आणि डोळे मिटून पडून राहिल्या.

बाकीच्या कुत्र्यांना घरं मिळाली आहेत. राहिली राणी, ताईंची स्वतःची जर्मन शेफर्ड. अकरा वर्षांची आहे. तिच्यासाठी कुणी विचारलेलं नाही. ती तिकडे दाराशी बसली आहे.

ताईंची रीत मोडायची नाही म्हणून सगळ्यांसमोर सांगतो. आमच्या घरी केर मी काढतो. राणीला मी नेतो.

आता ताईंसाठी दोन मिनिटं शांत उभे राहू या. राणीचे मागचे पाय दुखतात, तिला उठायला वेळ लागतो. ती उभी राहिली की सुरू करू.