आमच्या घरातल्या दोन मोरे

...नाही, आता तुम्हीच सांगा, ज्याच्या वाडीच्या मागच्या कुंपणापलीकडे समुद्र आहे, त्या माणसाने मुंबईहून समुद्राचं मीठ मागवायचं? हो, मीठ. भली मोठी बादली येते. रिक्षावाला बुधाजी ती रेवदंड्याहून आणतो, ओट्यावर ठेवतो, एकदा समुद्राकडे बघतो, एकदा माझ्याकडे बघतो आणि काही न बोलता निघून जातो. अरे, काहीतरी बोल ना! हस तरी! पण नाही. मग ते मीठ गाळलेल्या पाण्यात ढवळायचं, वरणाच्या डावाने, आणि खारटपणा काचेच्या नळीने मोजायचा. उभा जन्म चौलच्या शाळेत भूगोल शिकवला, महासागरांची नावं पोरांकडून घोकून घेतली, आणि म्हातारपणी महासागर बादलीत ढवळतोय.

कुणासाठी? तर दोन मोरेंसाठी. मोरे म्हणजे आडनाव नव्हे हो. आमच्या गल्लीत सगळ्यांना तेच वाटलं. 'मास्तरांकडे दोन मोरे राहायला आल्यात म्हणे,' 'भाडेकरू ठेवल्यात काय?' मोरे ईल म्हणतात त्या माशाला. आपल्या वामेची लांबची बहीण समजा. त्यातली ही बुटकी जात, पिवळीधमक, लांबीला माझ्या वितीपेक्षा थोडी जास्त, आणि तोंड असं की आत्ताच कुणीतरी अपमान केलाय.

आमचा मुलगा सुश्रुत, त्याचं हे खूळ. वाशीला होता तेव्हा टाकी त्याच्या फ्लॅटमध्ये होती. मग त्याला कॅनडाची नोकरी लागली आणि एक दिवस टेम्पो दारात उभा. टाकी, दगड, पंप, नळ्या, सगळं. त्याची आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. म्हणाला, थोडे दिवस ठेवा, मी तिकडे नीट बसलो की सोय करतो, आणि तुम्हालाही तेवढीच सोबत. सोबत! आता जी वस्तू दिवसभर दगडाच्या भोकात बसते आणि दिसलीच तर फक्त नाक दिसतं, तिला सोबत म्हणायचं का?

म्हटलं, अरे, मीठ कशाला, मागच्या समुद्राचं पाणी ओततो की. तर म्हणाला, बाबा, किनाऱ्याच्या पाण्यात गाळ असतो, होड्यांचं डिझेल असतं, आणि ह्या मुळात आपल्या समुद्रातल्या नाहीत. घ्या. पाणी गार ठेवायला त्यांना वेगळं यंत्र. मला पंखा. वीज गेली तर त्यांचा पंप इन्व्हर्टरवर चालतो आणि मी पुठ्ठ्याने वारा घेतो.

आणि खाणं कोळंबीचं. सोललेली, बारीक चिरलेली, लांब चिमट्याने नाकासमोर धरायची, कारण नजर अधू. वासावर येतात. घरात एकटा झाल्यापासून मी मासळी आणणंच सोडलं होतं, एका माणसासाठी कोण कालवण करतं? मासेवाली नीराबाई दारावरून तशीच पुढे जायची. आता रोज थांबते. एकदा टाकीत डोकावून म्हणाली, "मास्तर, ही तर वाम हाय. येवढीशी कशाला पाळलीव? जरा मोठी तरी आणायची, दोन घास तरी झालं असतं."

पण तुम्हाला सांगतो, खरा जाच मिठाचा नाही, कोळंबीचा नाही. फोनचा. रोज सकाळी सुश्रुतचा व्हिडिओ कॉल. मी दाढी करून, सदरा घालून, चष्मा पुसून खुर्चीत बसलेला. फोन लागतो, माझं 'काय रे, जेवलास का?' अर्ध्यात असतं, आणि तिकडून, "बाबा, जरा टाकीकडे फिरवा." फिरवतो. मग तो आणि त्या दोघी. माझा फक्त हात. मी मागून बोलत असतो, सुपारी उतरवली, गुडघा दुखतोय, तुझ्या मावशीच्या नातीचं ठरलं. तो म्हणतो, "हं, हं, थोडं डावीकडे." मग मी तक्रारी करायला लागलो. मीठ संपलं, यंत्र घुरघुरतंय, काच शेवाळली, वैताग आणलाय तुझ्या ह्या बायांनी! तक्रार केली की तो बोलायचा हो. पंप कसा उघडायचा, नळी कशी धुवायची, चांगला अर्धा-पाऊण तास. मग रोज एक तक्रार शोधून ठेवायची सवयच लागली.

त्यांना मी नावं ठेवली होती, थोरली आणि धाकटी. थोरली धीट, चिमटा दिसला की अर्धी बाहेर. धाकटी लाजाळू. दोघी सारख्या तोंड उघडतात, मिटतात, उघडतात, मिटतात. मला वाटायचं काहीतरी सांगतायत. सुश्रुत म्हणाला, बाबा, तो श्वास आहे. असेल. मी आपला उत्तर देत राहिलो.

आणि गेल्या पावसाळ्यात काय झालं, वादळी वारा सुटला, वीज गेली, ती येईचना, आणि शेवटी इन्व्हर्टरही बसला. पाण्यात हवा खेळती राहावी म्हणून मी हाताने पाणी ढवळत बसलो. हात भरून आला तसा खुर्चीतच डोळा लागला, आणि टाकीचं झाकण एका कोपऱ्यात लागलंच नव्हतं. ह्यांना बोटभर फट पुरते. सकाळी वीज आली, बघतो तर थोरली नाही. दगड हलवले, पलंग सरकवला, आणि सापडली ती फ्रिजच्या मागे. वाळलेल्या सुतळीसारखी. तरी पाण्यात सोडून बघितली. बराच वेळ हातात धरून उभा होतो... नाही.

नारळाच्या आळ्यात पुरली. आता तुम्ही हसाल, पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आणि पुरून हात धुतोय तेवढ्यात फोन. "बाबा, जरा टाकीकडे फिरवा." फिरवला. धाकटीचं नाक दिसत होतं. म्हणाला, दुसरी कुठंय? म्हटलं, आत आहे, दगडात. बास. त्याला पटलं. ह्या जातीचं हेच एक बरं, दिसली नाही तरी कुणाला संशय येत नाही. दुसऱ्या दिवशी, आत आहे. तिसऱ्या दिवशी, आत्ताच खाऊन गेली. महिने गेले, तुम्हाला सांगतो, मी मेलेल्या माशाची रोजची हालहवाल देत होतो! भूक कशी आहे, रंग कसा आहे... भूगोलाचा मास्तर!

आणि ह्या दिवाळीनंतर सुश्रुत आला. न कळवता, ऑफिसच्या कामाने मुंबईला आला होता, त्यातून एका रात्रीपुरता. अंगणात गाडी थांबली, हा उतरला, वाळलाय जरा, आणि आल्या आल्या टाकीसमोर मांडी घालून बसला. चहा झाला, घावणे झाले, हा तिथेच. मग हळूच म्हणाला, पनवेलला टाकीसकट ह्यांना घेणारा एकजण मिळालाय, उद्या टेम्पो पाठवतो म्हणतोय, तुमच्या मागचा ताप एकदाचा संपवतो.

मी म्हटलं, कसला ताप?

"बाबा, तुम्हीच रोज सांगता ना, वैताग आलाय म्हणून. मला तिकडे झोप लागत नाही, तुम्हाला कुठल्या कामाला जुंपून आलोय असं वाटतं."

आणि उद्या माणूस दोन न्यायला येणार, टाकीत एक. सांगून टाकलं. वारा, वीज, झाकण, फ्रिज. तो ऐकत होता. मग म्हणाला, "मला सांगितलं का नाहीत? मी रागावलो असतो का?"

"रागावला नसतास रे," मी म्हटलं. "पण दोघीही गेल्या, तर तू फोन कशाला करशील?"

खरं सांगतो, असं बोलायचं मनात नव्हतं. निघून गेलं तोंडातून. तो वळला आणि माझ्याकडे बघत राहिला. नीट, चेहऱ्याकडे. मग उठून बाहेर गेला, पनवेलच्या माणसाला फोन केला आणि टेम्पो नको म्हणून सांगितलं. संध्याकाळी आम्ही दोघं टाकीसमोर बसून होतो, धाकटी दिसेल म्हणून. तो तिकडच्या बर्फाचं सांगत होता, घरी परतल्यावर जेवायला एकटाच बसतो ते सांगत होता. मी कोळंबीचा चिमटा धरून. ती काही आली नाही. नाकसुद्धा नाही. लाजली असेल, म्हटलं.

सकाळी त्याला विमान गाठायचं होतं. पाया पडला, लवकर येतो म्हणाला. मी हो म्हटलं. गाडी वळणापलीकडे गेली, मी फाटक लावून आत आलो, आणि बघतो तर काय? ही बया सबंध बाहेर! शेपटीसकट! सगळ्या टाकीभर फिरतेय, तोंड उघडतेय, मिटतेय.

काचेवर बोट टेकवलं आणि म्हटलं, "आत्ता येतेस होय? पाहुणे गेले."