एकाच जागी चुकलेले तीर

(पेठच्या रस्त्याजवळचा एक पाडा, सन १९३४, भाद्रपदातली सकाळ. तीर घडवणाऱ्या म्हाताऱ्या बुधाचं अंगण. देवराम आपला कमठा, म्हणजे धनुष्य, घेऊन आलाय.)

देवराम : नको, बुधाबाबा. कमठा ठेवून घ्या तुमच्याकडंच. माझा हात गेला.

बुधा : खांदा मोडला ते ऐकलं व्हतं. हात कवा गेला?

देवराम : पहाटं गवताच्या भाऱ्यावर पाच तीर मारले. पाची चुकले. आन दुपारी गावापुढं तीन मारायचेत. दोन तरी केळीच्या खांबाला लागाया हवेत, नायतर डुकरांपासनं नागलीच्या पिकाची राखण यंदा नाथाकडं जाईल. बापापासनंची राखण हाय आमची.

भागीबाई : बाबा, मी बोलू का?

बुधा : बोल की, सूनबाई. नवऱ्याला इथवर ओढून तूच आणलंस ना?

भागीबाई : हे म्हणतात, देवराईतल्या झाडावर चढले म्हणून देवी कोपली. म्हणून पडले, म्हणून तीर चुकले. मी रोज तिच्यापुढं दिवा लावते, बाबा. मला नाय तसं वाटत.

देवराम : तुझ्या कानात सांगून गेली का ती?

भागीबाई : सांगितलं नाय. पण तीर येचाया मी गेले व्हते. पाची एकाच जागी रुतलेले, भाऱ्याच्या डाव्या अंगाला. वरनं सूप पालथं घातलं तर झाकतील. कोपानं हात असा नेमानं चुकतो व्हय?

बुधा : पुन्ना सांग. पाची डावीकडं?

भागीबाई : पाची.

बुधा : आण रं तो कमठा. हा ताशला कुणी?

देवराम : मीच. खांद्यानं ओढवंना, म्हणून ताशून हलका केला.

बुधा : आन तीर?

देवराम : बापाचेच. त्यात काय खोट काढता?

बुधा : तीर चांगलेच हायती, तुझ्या बापाच्या कमठ्याला! आरं, तीर सुटला की सरळ निघत नाय. आधी वाकतो, कमठ्याच्या दांड्याला वळसा घालतो, मग सरळ व्हतो. बापाचा कमठा दांडगा, म्हणून तिराची काडी ताठ. आता ताशल्यावर कमठ्यात तेवढा जोर नाय. काडी वाकंना, मग जाते डावीकडं. ठेव तुझी काडी ह्या दोन खुंट्यांवर. मधोमध हा धोंडा टांग. किती झुकली?

देवराम : अर्धं बोट.

बुधा : आता ही माझी ठेव.

देवराम : दोन बोटं… पण ही तर पोरासोरांची काडी, बाबा! गाव हसंल.

भागीबाई : हसू द्या. डुकरं हसत नायत.

बुधा : ऐकलंस? मार त्या कुडाजवळच्या भाऱ्यावर.

देवराम : बघा! आता उजवीकडं गेला. म्हटलं नव्हतं?

बुधा : आरं, मग ही लय मऊ निघाली. रडतोस काय! मधली बघू. ही… नाय, ही ताठ. ही घे, दीड बोट झुकते. घाई करू नको.

भागीबाई : लागला का?

बुधा : सूनबाई, डोळे मिटून काय दिसणार?

भागीबाई : सांगा ना. लागला का?

देवराम : उघड की डोळे.

भागीबाई : अगं बाई… मधोमध!

देवराम : बाबा, अशाच झुकणाऱ्या आणखी दोन निवडता का?

बुधा : चार निवडतो. डुकरांना बी लागतील.

भागीबाई : मग मी पुढं व्हते, गवत कापाया. शेतातल्या राखणीच्या माळ्यावरचं गवत कुजलंय, बसायचं कशावर?

देवराम : अगं, राखण अजून कुठं दिलीय गावानं?

भागीबाई : तुमी या सावकाश. तवर नवं गवत वाळंल.