कोनवाशाची खूण

नाही, थांबा मिस्त्री, ती करवत आधी खाली ठेवा. मालकांनी तुम्हाला बोलावलं, मान्य, तुमच्यावर राग नाही माझा — पण एवढं लांब लाकूड आता हे एकच उरलंय, त्याला हात लावायच्या आधी एकदा वर बघा. जुन्या छपराचं पाखं किती उभं आहे? आणि या नव्या खोलीचं? जवळजवळ लोळलेलं. दोन्ही आत वळून मिळतात, पाणी जिथे एकत्र येतं, तिथला हा कोनवासा. उतार सारखे असते तर मधोमध पडला असता, कोणीही कापला असता, मीसुद्धा. इथे तो एका अंगाला सरकतो, आणि टोकाचे दोन काप — एक तिरका, दुसरा त्याहून तिरका — याची खूण त्याला चालत नाही. तुम्हाला माहीत असेल, हो, असेलच, मी आपलं सांगतो. आमच्यात खुणा दादा करायचे — करतात — थोरला भाऊ माझा, आणि कापायचं मी. मिसरूड फुटल्यापासून हेच. काप माझा केसभर हलणार नाही. पण आखणं कधी माझ्याकडे आलंच नाही.

दादा कुठे म्हणता? घरी. जरा आजारी आहेत. म्हणजे — उजवी बाजू गेली, वाचाही गेली, पण डोकं शाबूत आहे, डोळ्यांत दिसतं की, सगळं कळतं त्यांना. मी फळीवर नमुना आखून खाटेपाशी नेतो, विचारतो, दादा, बरोबर? ते बघतात, मान हलवतात. असंच चालवायचं आम्ही ठरवलंय. ठरवलंय म्हणजे, मीच. — तो होय? भिंतीला टेकवलेला? तो पहिला. वीतभर आखूड पडला. मालकांना सांगितलं, माझा हात चुकला. मग काय सांगायचं, दादांनी हो म्हटल्यावर कापला म्हणून? त्यांच्या खुणेला आजवर कोणी दुसऱ्यांदा पट्टी लावली नाही, मिस्त्री.

आज सकाळी पुन्हा गेलो. मुद्दाम चुकीचा नमुना नेला — दोन्ही काप सारखे, जणू उतार सारखेच आहेत. पूर्वी असला पाहिला असता तर माझ्या अंगावर फेकला असता, वर विचारलं असतं, डोळे घरी विसरलास का. मी मनात म्हणत होतो, फेका. डावा हात आहे ना, फेका. त्यांनी नीट पाहिला, दोन्ही बाजूंनी, आणि मान हलवली. हसलेसुद्धा. मी पुन्हा विचारलं. पुन्हा हलवली. वहिनी दारात उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "भाऊजी, नका विचारू. काल मी विचारलं, मी तुमची बहीण ना? त्यालाही हो म्हणाले."

तर असं — नाही, काही नाही, भुसा गेला डोळ्यात. खरंय, अजून कापलं कुठे आहे. ही पट्टी घ्या, तुमची तिथे पुरायची नाही. आखा तुम्ही. मी पाठ करून उभा राहतो. झालं की हाक मारा, कापीन मीच. फक्त बरोबर आलंय का, ते मला विचारू नका.