मामाचं विमान आणि चार बोटं बर्फ

…नाही, पण मी म्हणतो, बर्फच ना तो? झाडा आणि निघा! एवढं काय त्याचं कौतुक? तुम्हाला सांगतो, चौतीस वर्षं रेल्वेत गार्ड होतो मी. विश्वामित्री नदीला पूर आला, पाणी रुळाला टेकलं, एकदा तर रुळावर मगर येऊन बसली, खरी मगर, शेपटीसकट… हाकलली आणि गाडी काढली! आणि हे कॅनडावाले, ज्यांच्याकडे आजोबा-पणजोबांपासून दर वर्षी बर्फ पडतो, ते दर वर्षी असे दचकतात, जसे काही आभाळातून ढोकळे पडले!

बरं, पडायचा तर पडू दे हो, पण माझ्या अवंतीच्या लग्नाच्या आठवड्यात? मुलगी एकच, तिला मामाही एकच. आणि मामाशिवाय नवरी मांडवात येणार कशी, सांगा! हाताला धरून आणणार मामा, पाठीशी उभा राहणार मामा. आणि हा मामा, म्हणजे आमच्या उल्काचा धाकटा भाऊ इंद्रनील, बसलाय कॅनडात. लग्न शुक्रवारी, गोरज मुहूर्त, संध्याकाळी सहा अठरा. अवंतीनं आधीच सांगून टाकलेलं, "बाबा, इंदूमामा नसेल तर मी खोलीतून बाहेर येणार नाही." आणि ती नाही म्हणाली म्हणजे नाही, आईवर गेलीय.

आता तुम्ही म्हणाल, मग जरा आधी नाही का निघायचं? अहो, निघणारच होता! रविवारचं तिकीट होतं! पण रविवारी होती अमावास्या. मीच फोन केला… हो, मीच केला, असे बघताय काय? "इंद्रनील, शुभकार्याला निघतोयस, अमावास्येला घर सोडू नकोस, सोमवारचं कर." तो म्हणतो, "अहो भाऊजी, मी संध्याकाळी निघेन तेव्हा तुमच्याकडे सोमवार उजाडत असेल. प्रतिपदा लागली असेल!" मी म्हटलं, तुझ्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रविवारी काळा ठिपका आहे ना? मग संपलं!

रविवारचं विमान स्वच्छ आकाशात वेळेवर उडालं. सोमवारी पहाटे बर्फ सुरू. त्या दिवसापासून उल्का मला चहा देते, पण समोर आदळून.

सोमवारी विमान रद्द. मंगळवारी म्हणे, बसा. बसले. आणि दारं लावल्यावर काय करावं त्यांनी? विमानाला अंघोळ घातली! खोटं नाही सांगत. शिडीच्या गाड्या येतात, गरम गरम नारिंगी पाणी पंखांवर सोडतात, बर्फ वितळला की वरून हिरवं काहीतरी चोपडतात, नव्यानं बर्फ बसू नये म्हणून. मग रांगेत उभं राहायचं. पण रांग एवढी मोठी की नंबर येईपर्यंत त्या हिरव्याचा असर संपला. चला परत अंघोळीला! अहो, सोवळ्यातली बाई तरी बरी, तिला कुणी शिवलं तरच पुन्हा न्हायची. हे विमान नुसतं उभं राहून ओवळं होत होतं! तीन अंघोळी झाल्या, आणि मग पायलट काय म्हणतो? "माफ करा, माझी ड्यूटी संपली." उतरा!

बरं, ड्यूटी संपली हे मला कळतं. कारण दाहोदजवळ मालगाडी उभी करून, ड्यूटी संपली म्हणून मीही घरी आलोय. दोनदा. पण त्या मालगाडीत कुणाचा मामा नव्हता!

बुधवारी बर्फ चालूच. इंद्रनील मला समजावतोय, "भाऊजी, दहा-दहा गाड्या तिरकी रांग धरून धावपट्टी झाडतात. पण त्या टोकाला पोहोचेपर्यंत या टोकाला परत चार बोटं." मी ओरडलो, मग दोन्ही टोकांकडून झाडा! बर्फच ना तो? गुरुवारी पट्टी साफ, तर विमान दुसऱ्याच गावात अडकलेलं. विमान आलं, तर पायलट नाही. हेल्पलाइनला फोन लावला, ती बाई गोड आवाजात, "सर, वेदर की वजह से…" अगं बाई, वेदर मलाही कळतं, मुहूर्त कुणाला कळतो का तुमच्यात?

शुक्रवारी सकाळी आमचा मांडववाला पीयूष सरबतासाठी बर्फाच्या लाद्या घेऊन आला. "अंकल, टेन्शन ना लो, बधुं थई जशे!" म्हणजे सगळं होईल म्हणे. मी त्या लादीकडेच बोट दाखवलं. हा बघ बर्फ! गोणपाटात गुंडाळला, कोपऱ्यात ठेवला, अडवतोय का कुणाला? पीयूष लादी उचलून जरा लांब नेऊन ठेवायला लागला. मला वाटतं, मला घाबरून.

सहाला दहा कमी. बाळकृष्णगुरुजी म्हणतात, "रमाकांतराव, दुसरा कुणी मामा उभा करा, मुहूर्त थांबत नाही." अवंतीच्या खोलीचं दार आतून बंद. मी बाहेर उभा, आणि तुम्हाला सांगतो, सगळा राग कुठे गेला कोण जाणे. म्हटलं, अवंती, बाळा, त्या कॅनडाची चूक नाही गं. मामाला मीच थांबवला. आणि मग तिचा फोन वाजला.

पाच मिनिटांनी दार उघडलं. हातात फोन, फोनमध्ये इंद्रनील. तिकडे सकाळ, हा विमानतळाच्या दाराबाहेर, डोक्याला फेटा, बरोबरच्या पिशवीत घेऊन निघाला होता म्हणे. "चल अवंते, मी धरलाय हात." आणि ती फोन घट्ट धरून चालत आली हो मांडवात! मंगलाष्टकं सुरू झाली. "सावधान" म्हटल्यावर सगळ्यांनी अक्षता टाकल्या. त्याच्याकडे तांदूळ कुठले? तो वाकला, मूठभर बर्फ उचलला आणि फेकला. दर सावधानला. शेवटी तर दोन्ही मुठी, फोनवर पांढरंच पांढरं, आणि त्यातून त्याचं रडणं ऐकू येतंय. मी? मी कुठला रडतोय… उल्का रडत होती. बरं, मीही.

सोमवारी पोहोचला एकदाचा. बॅग नाही पोहोचली. तेव्हापासून माझा लेंगा, माझा सदरा घालून इथे अकोट्याला, आमच्या गच्चीत ऊन खातोय, रोज फाफडा खातोय, माझ्या खुर्चीत बसून. परतीचं तिकीट कालचं होतं. काल सकाळीच मोबाइल पुढे केला, "भाऊजी, तिकडे पुन्हा बर्फ. विमान रद्द. कधी सुटेल सांगता येत नाही."

मी म्हटलं, बर्फ आहे बाबा तो, चेष्टा नाही. झाडायला वेळ लागतो… आणि गेलो आत, दुसरा लेंगा काढायला.