ब्रेकमधली हवा

तुम्हाला सांगतो, जुनी गाडी एकट्यानं दुरुस्त करता येते, फक्त ब्रेकमधली हवा काढता येत नाही. एकानं पेडल दाबायचं, दुसऱ्यानं गाडीखाली झोपून नट सैल करायचा. ही गेल्यापासून चंदीगडच्या घरात मी एकटाच. शेवटी शेजारच्या गिलसाहेबांना बोलावलं. त्यांची मुलं कॅनडात, घरी दुसरं कोणी नाही. ते माझ्या अ‍ॅम्बॅसिडरमध्ये स्टिअरिंगमागे बसले.

मी खालून म्हणायचो, “दबाइए जी.”

वरून उत्तर यायचं, “दबा दिया जी.”

तासाभरात ब्रेक अगदी पक्के लागायला लागले. मी हात पुसत बाहेर आलो, तरी ते सीटवरून उठेनात.

त्यांनी विचारलं, “कल भी दबाना पड़ेगा?”

मी म्हणालो, “पड़ेगा जी. चार बजे आइए, चाय भी पिएँगे.”