सहा, आठ, नऊ, दहा

आजच्या सभेचे अध्यक्ष, म्हणजे आपले हाडांचे मोठे डॉक्टर. व्यासपीठावर विराजमान झालेले अधीक्षकसाहेब. ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो त्या सत्कारमूर्ती, व्यायामोपचार विभागाच्या प्रमुख, ज्यांना आपण नुसतं ‘बाई’ म्हणतो. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मुली. समोर खुर्च्यांवर बसलेले, आणि बसवत नाही म्हणून मागे भिंतीला टेकून उभे असलेले तमाम आजी-माजी पेशंट. आणि त्या पेशंटांना हाताला धरून इथवर आणणारे माझ्यासारखे नातेवाईक, सर्वांना माझा नमस्कार.

‘नातेवाइकांच्या वतीनं दोन शब्द बोला’ असं मला सांगण्यात आलं. मी शिवणकाम करणारी बाई. बावीस वर्षं शाळेचे गणवेश शिवतेय. टेप गळ्यात असला की मी कुणाला घाबरत नाही, पण माईक हातात आला की हात गळ्यातला टेप शोधायला लागतो. कागदावर लिहून आणलं होतं, ‘बाई म्हणजे मूर्तिमंत सेवा’ वगैरे. ते वाचणार नाही. माझ्या आधीच्या तीन वक्त्यांनी तेच वाचलं. पुष्पगुच्छ, शाल, मानपत्र, सगळं यथासांग झालं. आता जरा खरं बोलू का? अध्यक्षमहाराजांची परवानगी गृहीत धरते.

मी गेली दीड वर्षं या बाईंवर जळतेय.

हसू नका. म्हणजे हसा, पण खोटं समजू नका. माझा चांगला जळफळाट झालेला आहे, आणि तो एका नव्हे, दोघींवर झालेला आहे. दुसरी आमच्या व्हरांड्यात उभी असते. आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. सहा दिवस लिफ्टच्या खड्ड्यात, आणि सातव्या दिवशी टेकडीवर. डर्ट बाइक! दिवा नाही, आरसा नाही, मागे बसायला जागा नाही. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, मी एकदाही तिच्यावर बसलेली नाही, कारण ती दुसऱ्या कुणाला बसवूनच घेत नाही. माझ्या वाढदिवसाची यांना नणंदबाई फोन करून आठवण करून देतात. ती घरात आली ती तारीख मात्र तोंडपाठ. रविवारी संध्याकाळी चिखलानं माखून घरी आले की आधी तिची आंघोळ, मग यांची. तिच्या चेनला तेल घालताना काहीतरी पुटपुटत असतात. काय बोलता म्हणून विचारलं, तर म्हणे ‘काही नाही.’ आणि तिचं कव्हर कुणी शिवलं? मी! मापं घेऊन, कडेला पायपिन लावून. कंबर माझ्यापेक्षा बारीक निघाली.

तर अशा या घरात दोन वर्षांपूर्वी यांच्या मणक्यातली गादी सरकली. लोकांना वाटतं, उडी मारताना पडले असतील. छे. ते उड्या मारताना कधी पडत नाहीत. बाइक चिखलात आडवी झाली होती. हे कमरेत वाकले आणि एका झटक्यात तिला उचलायला गेले. झालं! कमरेतून जी कळ निघाली ती डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत. ‘नटबोल्ट’ म्हणून यांचा मित्र आहे, गॅरेजवाला, तो बघा मागे उभा आहे, त्यानं यांना टेम्पोत आडवं घालून घरी आणलं. आणि त्याच टेम्पोत, यांच्या शेजारी, दोरीनं नीट बांधून, ती. मी दार उघडलं तर दोघं एकमेकांशेजारी पडलेले. आता सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?

अध्यक्षांनी एमआरआय बघितला. ‘गादी बाहेर येऊन शिरेवर दाबतेय,’ म्हणाले. ‘पण पायात ताकद आहे, ऑपरेशनची घाई नको. आधी औषधं, थोडी विश्रांती, आणि मग बाईंकडे जा.’ साहेब, तुमचे उपकार आहेत. पण ते शेवटचं वाक्य तुम्ही बोललात आणि माझ्या संसारात तिसरी आली.

सुरुवातीचे दिवस वाईट गेले. त्यांना मोजे मी घालत होते. शिंक आली तरी डोळ्यांत पाणी यायचं यांच्या. पण सांगू का? लग्नानंतर पहिल्यांदा रविवारी माणूस घरात होता. मी मशीन चालवायची, हे पलंगावर पडून रेडिओ ऐकायचे आणि मध्येच म्हणायचे, ‘अगं, ते बटण वाकडं लागलंय.’ इतकं बरं वाटायचं मला! दुखणं त्यांचं आणि सुख माझं. हे चांगलं नाही, मला कळतं. पण होतं तसं सांगतेय.

मग व्यायाम सुरू झाले. मंगळवार-शुक्रवार इथे, आणि रोज घरी. मंगळवार-शुक्रवारी हे इस्त्रीचा शर्ट घालायला लागले. पालथं तर पडायचंय, इस्त्री कशाला? घरी आले की ‘बाई म्हणाल्या’ चालू. बाई म्हणाल्या, सरळ बस. बाई म्हणाल्या, उशी बारीक घे. बाई म्हणाल्या, पाणी पी. मी लग्नापासून सांगतेय सरळ बसा, तेव्हा कानात बोळे होते वाटतं! अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

आता बाईंची एक पद्धत आहे, ती इथल्या सगळ्यांना माहीत आहे. व्यायाम करणाऱ्यानं स्वतः मोजायचं नाही. घरातल्या कुणीतरी मोठ्यानं मोजायचं. पेशंटनं फक्त श्वासाकडे लक्ष द्यायचं. बाई पहिल्याच दिवशी विचारतात, ‘तुमचा मोजणारा कोण?’ आमच्या घरात मोजणारी मी. चटईवर हे पालथे, डोळे मिटलेले, हातांवर छाती उचलतायत, आणि मी शेजारी स्टुलावर, ‘एक... दोन... तीन...’

तिसऱ्या महिन्यात बाई यांना म्हणाल्या, ‘असंच चाललं, तर टेकडीच्या स्पर्धेपर्यंत तुम्ही गाडीवर असाल.’ दर वर्षी यांची ती स्पर्धा असते. यांचा चेहरा असा उजळला, लग्नाच्या फोटोतसुद्धा तसा नाही! घरी आल्याबरोबर व्हरांड्यात गेले. यांनी मी शिवलेलं कव्हर काढलं आणि हे तिच्यासमोर खुर्ची टाकून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोजलं, ‘पाच, सहा, आठ, नऊ, दहा.’

ठरवून नाही हो. पहिल्यांदा तोंडातून निसटलं. यांना कळलं नाही. सहाव्यापर्यंत माणूस घामाघूम झालेला असतो. मग दुसऱ्या दिवशी मात्र ठरवून. माझं माप बोटभर कधी चुकत नाही, विचारा कुठल्याही शाळेत. आणि मी रोज सकाळ-संध्याकाळ सात खात होते! कधीकधी आठसुद्धा. तेवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण बाई दर शुक्रवारी मला बाजूला घेऊन विचारायच्या, ‘घरी कळ येते का? हे स्वतः कमीच सांगतात.’ कळ तर केव्हाच थांबली होती. मी म्हणायची, ‘येते हो. सकाळी उठताना येते.’ मग बाई पुढचा व्यायाम आठवडाभर लांबवायच्या. असे आठवडे किती झाले? नऊ.

स्पर्धा झाली. हे दोरीच्या बाहेर, माझ्याशेजारी उभे राहून बघत होते. एकेक गाडी वर चढली की यांचे गुडघे आपोआप हलायचे. ‘पुढच्या वर्षी,’ नटबोल्ट म्हणाला. यांनी मान हलवली. आणि मी? मी आनंदात होते. अख्खा दिवस माझ्याशेजारी उभे होते ना!

त्यानंतरच्याच मंगळवारी मी पकडले गेले. हे इथेच, खालच्या मजल्यावर, टेबलावर पालथे होते. बाईंना फोन आला. फोन कानाला लावून बाईंनी मला खूण केली, तुम्ही मोजा. मी मोजलं. सवय वाईट असते. ‘सहा, आठ, नऊ, दहा.’

बाईंनी फोन खाली ठेवला. यांना म्हणाल्या, ‘जा, बाहेर दहा फेऱ्या मारून या.’ हे गेले, आणि बाईंनी स्टूल माझ्याकडे सरकवलं.

‘किती दिवस?’ बाईंनी विचारलं.

मी सगळं ओकून टाकलं. सात, आठ, ती खोटी कळ, नऊ आठवडे, सगळं. रडले. म्हटलं, ‘बाई, तुम्ही त्यांना बरं करणार आणि ते पुन्हा तिच्याकडे जाणार. मला मत्सर वाटतो.’

‘गाडीचा?’

‘गाडीचा. आणि तुमचाही.’

बाई हसल्या. मला वाटलं होतं, हाकलून देतील. म्हणाल्या, ‘अहो, माझ्याकडे रोज वीस जण येतात. हाताला धरून चालवते, आणि चालायला लागले की निघून जातात. रस्त्यात भेटले तर ओळख दाखवत नाहीत. परत आला, तर पुन्हा दुखलंय म्हणून आला. तुमचा माणूस टेकडीवर जातो आणि जेवायला घरी येतो. जळायचंच तर मी तुमच्यावर जळायला पाहिजे.’ मग म्हणाल्या, ‘एका सातानं पाठ बिघडत नाही. पण पालथा पडलेला माणूस डोळे मिटून तुमच्या आवाजावर असतो. त्यांना हे तुम्हीच सांगायचं. मी सांगणार नाही.’

‘कधी सांगू?’

‘मी निवृत्त व्हायच्या आत,’ बाई म्हणाल्या.

आज बाईंचा शेवटचा दिवस आहे.

थांबा, टाळ्या नकोत. अजून संपलेलं नाही. त्या मंगळवारनंतर मी एकही आकडा खाल्ला नाही. चार महिन्यांनी बाईंनी यांची परीक्षा घेतली, औषधांच्या दुकानामागच्या मोकळ्या जागेत. नटबोल्टनं टेम्पोतून तिला आणलं आणि बाईंनी सांगितलं, ‘आडवी घाला.’ जिच्यापायी कंबर गेली तिलाच उचलून दाखवायचं. पण झटका नाही, कमरेत वाकणं नाही. तिच्याकडे पाठ करायची, गुडघ्यात बसायचं, मागे हात घालून हँडल आणि सीट धरायची, आणि मांड्यांच्या जोरावर, लहान पावलं टाकत, मागे मागे जात उभी करायची. दहा वेळा. आणि बाई मला म्हणतात, ‘मोजा!’

मोजलं. सातव्या वेळी यांचे पाय थरथरत होते. मी ‘सात’ म्हटलं. इतक्या मोठ्यांदा म्हटलं की दुकानातला माणूस बाहेर आला. बाई माझ्याकडे बघत होत्या. यांना कशाचा पत्ता नव्हता. दहा झाल्यावर यांनी कुणाकडे बघितलं असेल? माझ्याकडे नाही. बाईंकडेही नाही. तिच्या टाकीवरची धूळ पुसली!

या वर्षीची स्पर्धा गेल्याच महिन्यात झाली. एकतीस जणांत एकोणिसावे आले आणि पहिले आल्यासारखे घरी आले. मला अजूनही पोटात दुखतं, रविवारी तिचा आवाज गल्लीच्या टोकाला गेला की दुखतं. ते काही थांबणार नाही. पण कंबर सरळ ठेवून जातात, आणि जेवायच्या आधी येतात. ते बाईंमुळे.

बाई, तुम्ही जाताय. आता ‘बाई म्हणाल्या’ कुणाचं ऐकायचं? तुमचा हेवा करायची सवय झाली होती मला. आता जळायला एकटी तीच उरली. तिच्याशी भांडायलाही येत नाही, ती उलटून बोलत नाही. तुम्ही निदान बोलत होता. तुमच्या पुढच्या आयुष्यात तुम्हाला भरपूर लोक भेटोत, आणि त्यातल्या एकाचीही पाठ दुखत नसो. आम्ही दोघं येत जाऊ. काही दुखत नसताना येत जाऊ, शब्द देते.

समारोपाकडे वळते. अध्यक्षमहाराजांनी घड्याळाकडे दोनदा बघितलं, तरी मला बोलू दिलं, त्यांचे आभार. माईकवाल्या भाऊंचे, सभागृहाचे, खुर्च्या लावणाऱ्यांचे आभार. आणि अशा वेळी वक्ते म्हणतात, बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभेनं पदरात घ्यावं. माझं जास्त काही झालेलं नाही. कमीच झालंय. आणि ती माफी मी सभेकडे मागत नाही.

अहो. तिसऱ्या रांगेत, निळ्या शर्टात. इस्त्रीच्या. तुमची गेल्या वर्षीची स्पर्धा माझ्यामुळे गेली. घरी सांगायचा धीर झाला नाही. चारदा तोंड उघडलं आणि चहा हवा का म्हणून विचारलं. इथे सांगितलं, कारण दोनशे माणसांसमोर तुम्ही ओरडणार नाही. हीसुद्धा लबाडीच आहे, मान्य आहे. तुम्ही हसत नाही आहात, ते मला दिसतंय. रागवा. घरी जाऊन रागवा. आठ दिवस बोलू नका. पण उद्या सकाळी मी चटई घालणार आहे. तुम्ही डोळे मिटून पडाल की नाही, मला ठाऊक नाही. मोजू ना मी?

काय? ऐकू आलं नाही. जरा शांत राहता का मागे, ते काहीतरी म्हणतायत.

... म्हणतायत, ‘सातापासून सुरू कर.’